सॉफ्टबॉलची बॅटिंग आरशासमोर शिकवताना

पूर्ण वेगाचा स्विंग आरशात धड दिसत नाही. तो दिसावा म्हणून खेळाडू मान वळवतो आणि तिथेच स्विंग बिघडतो. म्हणून आरशासमोर स्विंगचे तुकडे करायचे: एका स्थितीत यायचं, थांबायचं, बघायचं, दुरुस्त करायचं आणि मगच पुढच्या स्थितीत जायचं.

आरसा साधारण ४ फूट रुंद आणि ५ फूट उंच असावा. कपाटाच्या दारावरच्या अरुंद आरशात डोकं आणि खांदे तपासता येतात, पण बॅट मावत नाही. साध्या काचेला मागून सेफ्टी फिल्म लावून घ्या. अ‍ॅक्रिलिकची शीट फुटायची भीती कमी, पण पातळ असेल तर वाकते आणि सरळ खांदेही तिरके दिसतात, म्हणून ती प्लायवर पक्की बसवा. खेळाडूपासून आरसा किमान ३ मीटर लांब ठेवा. नियमात बसणारी सर्वांत लांब बॅट ३४ इंचांची. त्यात लांबवलेले हात आणि स्ट्राइड (स्विंगआधी पुढच्या पायाने टाकलेलं पाऊल) धरली की सुमारे २ मीटर जागा जाते. खऱ्या बॅटने फक्त सावकाश हालचाली करून घ्या. वेगाचा स्विंग आरशाच्या दिशेने नको, आणि त्या खोलीत चेंडूही नको.

आरसा ठेवायच्या जागा दोन. पहिली पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या जागी. बॅटरची नजर तिथेच असते, त्यामुळे मान न वळवता सगळं दिसतं. दुसरी होम प्लेटच्या (बॅटरजवळची जमिनीवरची पाटी, जिच्यावरून चेंडू यावा लागतो) पलीकडे, बॅटरच्या छातीसमोर. इथे थांबल्यावरच नजर वळवायची. प्लेट जमिनीवर खडूने आखा, रुंदी १७ इंच. खेळाडू स्टान्समध्ये, म्हणजे चेंडूची वाट बघत उभं राहायच्या स्थितीत आला की आरशात त्याच्या नाकाच्या रेषेवर रंगीत टेपची उभी पट्टी चिकटवा. स्थिती करून दाखवताना खेळाडूच्या समोर उभे राहू नका. त्याच्या मागे, आरशाकडे तोंड करून तीच स्थिती घ्या, म्हणजे दोन्ही प्रतिमा एकाच बाजूच्या दिसतात आणि उजवं-डावं यांचा गोंधळ होत नाही.

पिचरच्या जागच्या आरशात आधी दोन्ही डोळे पूर्ण दिसतात का आणि एका पातळीत आहेत का, ते बघा. एकच डोळा दिसत असेल तर चेंडूचा अंदाज चुकणार. मग स्ट्राइड टाकून थांबायला सांगा. पुढचा पाय टेकला तरी पुढचा खांदा मिटलेलाच हवा. या क्षणी छाती आरशात समोरून दिसली तर खांदा लवकर उघडलाय. नाक पट्टी सोडून प्लेटपासून लांब गेलं तर खेळाडू चेंडूला घाबरून बाजूला सरकतोय.

पुढची तपासणी सर्वांत महत्त्वाची, तिला भरपूर वेळ द्या. हात पुढे निघाले की थांबवा. आरशात बॅटचा नॉब (मुठीच्या टोकाचा गोळा) दिसला पाहिजे आणि बॅटचा जाड भाग त्याच्यामागे झाकला गेला पाहिजे. बॅट लांबच्या लांब बाजूला पसरलेली दिसली, तर हात अंगापासून दूर गेलेत. मग बॅटला मोठा फेरा पडतो आणि ती उशिरा पोचते. महिलांच्या खेळात पिचिंगचं अंतर ४३ फूट असतं आणि पिचर पाऊल पुढे टाकून चेंडू सोडते. ताशी ९० किलोमीटर वेगाचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत प्लेटवर येतो, तेवढ्यात मोठा फेरा पुरा होत नाही.

छातीसमोरच्या आरशात स्ट्राइडनंतर डोकं पट्टीपासून फार पुढे गेलं, तर वजन आधीच पुढच्या पायावर पडलंय. चेंडू लागायच्या क्षणी पुढचा पाय जवळजवळ ताठ, मागची टाच उचललेली आणि मुठीवर वरच्या बाजूला असलेल्या हाताचा तळवा आकाशाकडे असावा.

क्रिकेट खेळून आलेल्या मुलांकडे या आरशात जास्त लक्ष द्या. हातांचा क्रम दोन्ही खेळांत तोच, पण ही मुलं पुढच्या पायावर झुकून, कोपर वर काढून बॅट खालून आणतात. ‘मागच्या पायावर फिर’ असं नुसतं सांगून त्यांना उमगत नाही. मागची टाच जमिनीलाच चिकटलेली आरशात दिसली की लगेच उमगतं.

एका वेळी एकच चूक घ्या, १० मिनिटं पुरे. ५ वेळा थांबत थांबत स्विंग. मग ५ वेळा डोळे मिटून ती स्थिती घ्यायची आणि डोळे उघडून तपासायची. हा भाग कधी गाळू नका, कारण मैदानावर आरसा नसतो, अंगालाच कळावं लागतं. नंतर लगेच बाहेर टीवर (चेंडू ठेवायचा उभा दांडा) १० चेंडू, पूर्ण वेगाने. उजव्या हाताच्या बॅटरचे चेंडू सतत तिसऱ्या बेसच्या बाहेर (मैदानाकडे बघताना डावीकडे) फाउल जात असतील, तर पुढच्या वेळी पिचरच्या जागच्या आरशात पुढचा खांदा पुन्हा तपासा. चेंडू नुसते वर उडत असतील तर बहुधा मागचा खांदा खाली पडतोय. तो छातीसमोरच्या आरशात दिसेल.