बेळगावात डिझाइन-छपाईचं दुकान चालवताना या चुका टाळा

लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, मंडळांचे अहवाल यांवर बेळगावात कितीतरी छोटी दुकानं चालतात. हात चांगला असूनही बंद पडलेली दुकानं इतक्या वर्षांत बरीच पाहिली. बहुतेकांचं कारण एकच: काम हातात घेण्याआधी जे बोलायला हवं होतं, ते राहून गेलं.

अंगठ्याला मंजुरी समजणं. प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं, नवऱ्या मुलाच्या भावाने अंगठा पाठवला, पत्रिका छापून झाल्या. मग काका दुकानात येतात: "आमच्या थोरल्यांचं नाव खाली कसं काय हो?" आता त्या गठ्ठ्याचे पैसे कुणाकडे मागायचे? प्रूफ कागदावर काढा. घरातला एकच माणूस ठरवून घ्या, त्याने 'मान्य' लिहून तारखेसह सही करायची. सहीआधी चार गोष्टी त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या: वधू-वरांची नावं, तारीख आणि वार जुळतात का, मुहूर्ताची वेळ, कार्यालयाचा पत्ता. निमंत्रकांचा क्रम त्यांचा त्यांनीच लावावा. आपण त्यात तोंड घातलं की संपलंच.

अक्षरं फुटली तरी नुसत्या कन्व्हर्टरवर (एका फॉन्टपद्धतीतला मजकूर दुसरीत नेणाऱ्या सॉफ्टवेअरवर) विसंबणं. गिऱ्हाईक मजकूर पाठवतं मोबाइलवर टाइप होतो त्या युनिकोडमध्ये, आपल्या कोरल या डिझाइन सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइली श्रीलिपी या जुन्या फॉन्टपद्धतीच्या. कन्व्हर्टर बाकीचं निभावून नेतो, पण 'सोयऱ्यांसह'मधला ऱ्य आणि रफार हमखास अडकतात. तेवढे शब्द नजरेखालून घाला. कित्येक युनिकोड फॉन्ट ल आणि श हिंदी वळणाचे दाखवतात. गिऱ्हाइकाला नेमकं सांगता येत नाही, "कायतरी वेगळंच दिसतंय की हो" एवढंच म्हणतं. मजकुराची भाषा मराठी निवडा. फॉन्टमध्ये सोय असेल तर अक्षरं मराठी वळणाची होतात. प्रेसला फाइल कर्व्ह करूनच (म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करूनच) द्या, पण न कर्व्ह केलेली प्रत जपून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी त्याच मंडळाचा अहवाल पुन्हा टाइप करत बसाल. कन्नड मजकूर नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधून आला तरी हीच कथा. तो कन्नड शाळेत शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्या, 'थोडं थोडं येतं'वाल्याकडून नको.

पाटीचं माप शेवटी बघणं. 2024 च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात पाटीवर 60 टक्के कन्नड हवी, तीही वरच्या भागात. हे डिझाइन सुरू करण्याआधी सांगा. नोटीस येते दुकानदाराला, पण पाटी फुकट बदलून मागतो तो आपल्याकडे.

मोबाइलवरच्या रंगावर हो म्हणणं. आपल्याकडे शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक वैशाखात निघते, त्याआधी भगव्याची कामं रांगेने येतात. स्क्रीनवर झळाळणारा भगवा कागदावर विटकरी होतो. सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या टक्केवारीत) सायन म्हणजे निळा आणि काळा शून्य ठेवा, मॅजेंटा म्हणजे गुलाबी 60 आणि पिवळा 100 पासून सुरुवात करा आणि एक नमुना छापून दाखवा. तरीही स्क्रीनइतका पेटत नाही. हे आधीच बोलून टाका.

"स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी" (कन्नडमध्ये 'जरा सांभाळून घ्या') याला भुलणं. दोन दुरुस्त्या फुकट, तिसरीपासून पैसे, हे एस्टिमेटवरच लिहा. नातेवाइकांनाही तेच.

उधारी. मंडळांना वर्गणीची पावती पुस्तकं देण्याआधी निम्मी रक्कम घ्या. विसर्जन झालं की कार्यकर्ते बदलतात, आणि नव्यांना जुनं बिल आठवत नाही. उद्यमबागेतल्या कारखान्यांची कॅटलॉगची कामं असतील तर उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा. ती मोफत आहे. मग खरेदीदाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत आपले पैसे द्यावे लागतात. मुदतीनंतर रखडलेली रक्कम खरेदीदाराला 2023-24 या आर्थिक वर्षापासून त्याच वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापला की मार्चमध्ये त्यांचाच अकाउंटंट फोन करतो.

सीमेपलीकडचं गिऱ्हाईक. खानापूर आणि निपाणी आपल्याच राज्यात, चंदगड मात्र महाराष्ट्रात. गिऱ्हाइकाला तो फरक जाणवत नाही, जीएसटीला जाणवतो. कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या ठोक दराच्या जीएसटी योजनेत) असाल तर राज्याबाहेर माल विकता येत नाही. चंदगडची ऑर्डर मोठी दिसली की आगाऊ रक्कम घेण्याआधी आपल्या सीएला फोन करा.