टीईईचं (अन्ननलिकेतनं प्रोब घालून केलेल्या हृदयाच्या सोनोग्राफीचं) चित्र धूसर येतंय? आधी पोटातली हवा काढा

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या ऑपरेशन थिएटरात नवीन लागलेल्या आपल्या पोरांसाठी सांगतोय, बायपास किंवा व्हॉल्वच्या केसमध्ये टीईई नीट दिसेना म्हणून लगेच मशीनला नावं ठेवू नका. मास्कनं श्वास देताना पोटात हवा शिरते आणि अल्ट्रासाऊंड हवेतनं पलीकडं जातच नाही, ट्रान्सगॅस्ट्रिक व्ह्यू, म्हणजे प्रोब पोटात नेऊन घेतलेली चित्रं, तर पार बिघडतात, म्हणून इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं) झालं की तोंडातनं पोटात नळी घालून सक्शन करा, नळी काढा आणि मगच जेल लावून प्रोब घाला. अडला तर जोर अजिबात नको, अन्ननलिका फाटू शकते. डेप्थ (चित्र किती खोलवरचं घ्यायचं ते) गरजेपुरतीच ठेवा, फ्रेम रेट (सेकंदाला येणाऱ्या चित्रांची संख्या) वाढतो. कॉटरीनं (विजेवर चालणाऱ्या कापायच्या यंत्रानं) चित्रात पट्टे येणारच, सर्जनना जरा थांबा म्हणा की.