रिपॉझिटरी भरली, पण उत्तर मिळेना: मेटा मॉडेलच्या या चुका टाळा

चाकणच्या एका कारखान्यात बैठक होती. विषय एसएपीचा, म्हणजे कंपनीचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा: त्याच्या जुन्या ईसीसीवरून नव्या एस/४हानावर जाण्याचा. प्लांट हेडनी एकच प्रश्न विचारला: "ईसीसी हलवताना कोणत्या प्लांटचं कोणतं काम अडेल?" आमच्या ईए (एंटरप्राइझ आर्किटेक्चर) टीमकडे दोन वर्षं खपून भरलेली रिपॉझिटरी होती, म्हणजे कंपनीतल्या सिस्टीम्स आणि त्यांच्या नात्यांची नोंदवही. तरीही उत्तर द्यायला तीन आठवडे लागले. शेवटी ते तयार झालं ते एक्सेलमध्ये, एकेका माणसाला फोन करून.

माहिती कमी नव्हती. पण काय नोंदवायचं आणि कसं, हे ठरवणाऱ्या आमच्या आराखड्यात, म्हणजे मेटा मॉडेलमध्ये, प्लांट हा स्वतंत्र ऑब्जेक्टच (स्वतःची नोंद असलेली गोष्टच) नव्हता. ॲप्लिकेशनच्या फॉर्मवर 'लोकेशन' नावाचा मोकळा रकाना होता. त्यात कुणी 'चाकण' लिहिलं होतं, कुणी 'चाकण १', कुणी 'पुणे प्लांट'. अशा नोंदींवरून कुठलंही टूल उत्तर काढू शकत नाही. ईसीसी ६ च्या नव्या एन्हान्समेंट पॅकना (सुधारणांच्या संचांना) एसएपीचा नियमित सपोर्ट २०२७ अखेरपर्यंतच आहे. म्हणजे जिथे ईसीसी आहे तिथे हा प्रश्न येणारच. तो येण्याआधी आपलं मेटा मॉडेल तपासून घ्यावं, म्हणून हे लिहितो आहे.

आधी सातबारा समोर ठेवा

मेटा मॉडेल समजावताना मी नेहमी सातबारा काढतो. शेत ही खरी गोष्ट. त्या गटाचा सातबारा म्हणजे त्या शेताचं मॉडेल. आणि गाव नमुना ७ व १२ यांचा कोरा फॉर्म म्हणजे मेटा मॉडेल: भोगवटादार कुठे लिहायचा, क्षेत्र कुठे, पीक कुठे, हे ठरवणारा. कोऱ्या फॉर्मवर कुणा शेतकऱ्याचं नाव नसतं, पण त्यावर जो रकाना नाही ती माहिती कुठल्याच गटाच्या उताऱ्यावर मिळत नाही. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेच्या एमओएफ मानकात याच पायऱ्यांना एम०, एम१, एम२ म्हणतात. नमुने कसे आखायचे याचे नियम म्हणजे त्यावरची एम३.

आणखी एक गोष्ट सातबाऱ्यावरून चटकन कळते. आठ-अ हा त्याच जमिनींचा, पण खातेदाराच्या बाजूने मांडलेला उतारा. जमीन तीच, नोंदी त्याच, फक्त बघणाऱ्याचा प्रश्न वेगळा. आर्किटेक्चरमध्ये याला व्ह्यूपॉइंट म्हणतात. सीएफओंना खर्च दिसावा आणि प्लांट हेडना प्लांट दिसावा, यासाठी दोन रिपॉझिटरी लागत नाहीत. मेटा मॉडेल नीट असेल तर एकाच माहितीचे दोन उतारे निघतात.

चूक: टूलसोबत आलेलं सगळं चालू ठेवणं

ही सगळ्यात महाग चूक. टूल विकत घेतलं की त्यात टोगाफचं (आर्किटेक्चर कसं करायचं ते सांगणारं मानक) किंवा आर्किमेटचं (आर्किटेक्चर चित्रांत मांडायची भाषा) मेटा मॉडेल तयार मिळतं. आर्किमेट ३ मध्ये एलिमेंटचे साठच्या आसपास प्रकार आहेत. टीम सगळे चालू ठेवते, कारण उद्या लागलं तर? मग दर तिमाहीला प्रत्येक विभागाकडे भलेमोठे एक्सेल जातात, पहिल्या वेळी लोक मनापासून भरतात, दुसऱ्या वेळी 'एनए' लिहितात.

टोगाफचा सल्ला असा नव्हताच. २००९ च्या टोगाफ ९ मध्ये कंटेंट मेटा मॉडेल आलं तेच गाभा आणि विस्तार अशा दोन भागांत. गाभा लहान. गव्हर्नन्स, सर्व्हिसेस, प्रोसेस, डेटा, इन्फ्रास्ट्रक्चर, मोटिव्हेशन हे विस्तार गरज पडेल तसे जोडायचे. म्हणजे कापून घेण्याची मुभा नियमातच आहे.

मी आता उलट्या बाजूने सुरुवात करतो. ज्यांना निर्णय घ्यायचे आहेत त्यांच्याकडून आठ-दहा प्रश्न लिहून घेतो, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. 'ईसीसी हलवली तर काय अडेल?' 'पार्टच्या किमतीची खरी नोंद कोणत्या सिस्टीममध्ये?' 'हा व्हेंडर बंद पडला तर कोणती लाइन थांबेल?' मग प्रत्येक प्रश्नातल्या नामांखाली रेघ मारतो. प्लांट, लाइन, ॲप्लिकेशन, व्हेंडर, पार्ट: हे ऑब्जेक्टचे उमेदवार. क्रियापदं म्हणजे रिलेशन. जो प्रकार एकाही प्रश्नात येत नाही, तो पहिल्या वर्षी बंद ठेवायचा.

आमच्या 'लोकेशन'ची चूक इथेच पकडली गेली असती. ज्याच्याबद्दल प्रश्न विचारला जाणार, ज्याच्यावरून गट करायचे, ते ऑब्जेक्ट असायला हवं. नुसतं वर्णन असेल तर ॲट्रिब्यूट, म्हणजे फॉर्मवरचा एक रकाना, पुरतो.

चूक: 'ॲप्लिकेशन' म्हणजे काय ते न ठरवणं

एकाच कंपनीत फायनान्स, आयटी ऑपरेशन्स आणि सिक्युरिटी यांच्याकडून ॲप्लिकेशनच्या याद्या मागवा. तीन वेगळे आकडे येतील आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतील. फायनान्स लायसन्स मोजतं. ऑपरेशन्स सर्व्हरवरची इन्स्टॉलेशन्स मोजतात. सिक्युरिटी लॉगिन असलेली प्रत्येक गोष्ट मोजते.

एसएपीचंच घ्या. ती एक ॲप्लिकेशन, की एमएम (साहित्य), एसडी (विक्री), एफआय (हिशेब) अशी अनेक? डेव्हलपमेंट, क्वालिटी आणि प्रॉडक्शन या तीन सिस्टीम्स म्हणजे तीन ॲप्लिकेशन्स का? दोन प्लांट एकच इन्स्टन्स वापरत असतील तर? याचं एकच बरोबर उत्तर नाही, पण तुमच्या कंपनीत एकच लिखित उत्तर असलं पाहिजे. टोगाफमध्ये लॉजिकल आणि फिजिकल ॲप्लिकेशन कंपोनंट वेगळे ठेवले आहेत ते यासाठीच. पहिला सांगतो कोणतं काम होतं, दुसरा सांगतो ते नेमकं कशावर चालतं.

प्रत्येक प्रकाराची व्याख्या दोन ओळींत लिहा आणि खाली दोन उदाहरणं द्या: एक 'हे यात बसतं' आणि एक 'हे यात बसत नाही'. माझ्या अनुभवात वाद मिटवतं ते दुसरंच. 'कोटेशनची एक्सेल शीट ही ॲप्लिकेशन नाही. पण जिच्या मॅक्रोवर रोजचं डिस्पॅच चालतं ती शीट आहे', असं एक वाक्य तासभराची चर्चा वाचवतं.

चूक: सगळी नाती 'असोसिएशन'मध्ये टाकणं

सातबाऱ्यावर 'इतर हक्क' हा रकाना असतो. बँकेचा बोजा, कुळाची नोंद, विहिरीतला हिस्सा, सगळं तिथे. जमीन घेणारा वकिलाला घेऊन आधी तोच रकाना वाचतो, कारण तिथलं एकेक वाक्य उलगडावं लागतं. आर्किमेटमधलं असोसिएशन हे तुमच्या रिपॉझिटरीतलं 'इतर हक्क' आहे. दोन गोष्टींचा काहीतरी संबंध आहे, एवढंच ते सांगतं. त्यावर इम्पॅक्ट ॲनालिसिस (एक गोष्ट बदलली तर काय काय अडेल याचा शोध) चालवलं तर एक सर्व्हर बंद केल्यावर अर्धी कंपनी बंद पडताना दिसते, आणि मग त्या अहवालावर कुणी विश्वास ठेवत नाही.

बाणाची दिशा ही दुसरी अडचण. आर्किमेटमध्ये सर्व्हिंगचा बाण सेवा देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातो. २०१६ च्या आर्किमेट ३.० आधी याच नात्याचं नाव 'यूज्ड बाय' होतं. बाण तेव्हाही याच दिशेने होता, पण बरेच जण तो 'वापरतो' असा वाचून उलटा काढायचे. शिवाय 'कोण कोणावर अवलंबून' हा बाण आणि 'डेटा कुठून कुठे जातो' हा फ्लोचा बाण एकाच चित्रात आले की नवखा माणूस हमखास गोंधळतो.

उपाय साधा आहे: प्रत्येक नातं मराठीत मोठ्याने वाचा. 'गेट-पास सिस्टीम माल आत घेण्याच्या प्रक्रियेला सेवा देते.' वाक्य कानाला खटकलं तर बाण चुकला. नवीन आर्किटेक्टना मी पहिले काही आठवडे हेच करायला लावतो.

चूक: केपेबिलिटीला खात्याचं नाव देणं

केपेबिलिटी म्हणजे कंपनीला काय करता येतं. प्रोसेस म्हणजे ते कसं करते. खातं म्हणजे कोण करतं. 'परचेस डिपार्टमेंट' ही केपेबिलिटी म्हणून नोंदवली, की पुढच्या पुनर्रचनेत परचेस आणि स्टोअर्स एकत्र येतात आणि तुमचा नकाशा फाटतो. 'पुरवठादार निवडणे' लिहा. खातं वेगळा ऑब्जेक्ट ठेवा आणि नात्याने जोडा.

चूक: फॉर्म बदलायचा, जुन्या नोंदी तशाच सोडायच्या

सातबाऱ्यावर नाव बदलायचं तर नमुना ६ मध्ये फेरफार नोंदवावा लागतो. कोणती नोंद, केव्हा, कशामुळे बदलली, हे तिथे सापडतं. मेटा मॉडेलमध्ये तर त्याहून मोठी गोष्ट बदलते, खुद्द नमुनाच. तरीही अनेक ठिकाणी टूलचा ॲडमिन शुक्रवारी संध्याकाळी एक प्रकार काढून दुसरा जोडतो, आणि सोमवारी कुणाचा तरी रिपोर्ट रिकामा येतो. मेटा मॉडेलला आवृत्ती क्रमांक द्या. बदलासोबत जुन्या नोंदी कुठे जाणार, कोणते रिपोर्ट मोडणार आणि हे कुणी मंजूर केलं, एवढं लिहा. एक पान पुरे.

आत्ताच बिघडलं असेल तर

सगळं पाडून नव्याने बांधू नका. रिपॉझिटरीवर चार क्वेरी चालवा. एकही नातं नसलेले ऑब्जेक्ट किती? नात्यांपैकी असोसिएशन किती? कोणते ॲट्रिब्यूट निम्म्याहून जास्त ठिकाणी रिकामे किंवा 'एनए' आहेत? गेल्या वर्षभरात कोणता प्रकार एकाही रिपोर्टमध्ये वापरला गेला नाही?

तिसऱ्या क्वेरीवर थोडं थांबा. रिकामा ॲट्रिब्यूट दिसला की लोक तो 'अनिवार्य' करतात. त्याने रकाना भरतो, पण खोट्या माहितीने. त्याऐवजी विचारा: ही माहिती आधीच दुसरीकडे आहे का? सर्व्हरची माहिती सीएमडीबीत (आयटीच्या साधनांच्या नोंदवहीत) असते, माणसांची एचआरच्या सिस्टीममध्ये. तिथून आणा, हाताने भरायला लावू नका. आणि ज्या ॲट्रिब्यूटला मालक सापडत नाही, तो काढून टाका.

आम्ही चाकणमध्ये शेवटी तेच केलं. प्लांट आणि लाइन हे दोन ऑब्जेक्ट जोडले, 'लोकेशन'चा रकाना बंद केला, आणि जुन्या नोंदी प्लांटच्या माणसांसोबत बसून, एकेक ॲप्लिकेशन विचारत नव्या जागी हलवल्या. चार दिवस लागले. पुढच्या बैठकीत प्लांट हेडनी तोच प्रश्न डिस्पॅचच्या सिस्टीमबद्दल विचारला, आणि आमच्या टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीने लॅपटॉप फिरवून यादी त्यांच्यासमोर धरली.