बंद कारखान्याखालचं रान: मृगाआधी काय उचलायचं, काय नाही

रोहिणी लागल्या की रानात गाळ ओढायची आणि बांध सावरायची घाई सुरू होते. एरवी मीही म्हणेन, गाळ जरूर टाका. पण बंद पडलेल्या प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवण्याच्या), रंगाच्या किंवा बॅटरीच्या कारखान्याच्या उताराला ज्यांचं रान आहे, त्यांनी ट्रॉली जोडण्याआधी गाळ कुठला ते विचारावं. कारखान्यामागच्या ओढ्यातला गाळ काळाभोर दिसतो, फुकट मिळतो, जेसीबीवालाच आणून टाकायला तयार असतो. सांडपाण्यातलं शिसं, कॅडमियम, क्रोमियम नेमकं तिथंच बसलेलं असतं. धातू कुजत नाही आणि उन्हानं उडतही नाही. एकदा पाळी घालून मातीत मिसळला की वेचून काढणं तुमच्या-माझ्या हातात राहत नाही.

तिथला राडारोडाही पाणंदीच्या खड्ड्यांत टाकू नका. जुने सिमेंटचे पत्रे गोठ्यासाठी आणू नका. ते बहुतेक ॲस्बेस्टॉसचे असतात आणि फोडले की त्यांची धूळ छातीत जाते. भंगारातून शे-दोनशे रुपयांना मिळणारं रसायनाचं निळं पिंप तर फवारणीच्या पाण्यालाही नको, मग धान्याचं सोडाच. शेळ्या-गुरं तुटक्या कुंपणातून आत शिरत असतील तर काट्या लावून वाट बंद करा. बॅटरीतल्या शिशाच्या जुन्या प्लेटा चाटून जनावरं दगावतात.

आता पाणी. पहिल्या दोन-तीन जोरदार सरी कारखान्याच्या आवारातलं सगळं धुऊन खाली आणतात, म्हणून वरच्या बांधाला चर मृगाआधीच काढा. चराचं तोंड शेजाऱ्याच्या रानात किंवा विहिरीकडे सोडू नका, नाहीतर भावकीत नवं भांडण. विहिरीचा कठडा जमिनीलगत असेल तर चढवून घ्या. प्लेटिंगमधल्या क्रोमियमनं पाणी पिवळट होतं हे खरं, पण पाणी नितळ आहे म्हणून निश्चिंत राहू नका. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. एवढं डोळ्याला दिसत नाही. उकळून उपयोग नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं.

मृदा आरोग्य पत्रिका आहे म्हणून माती तपासली, असं बरेचजण सांगतात. त्या पत्रिकेत १२ गोष्टी येतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसं, कॅडमियम, क्रोमियम त्यात नाहीच. जड धातूंची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते. नमुना वरच्या १५ सेंटीमीटरचा वेगळा, त्याखालच्या १५ चा वेगळा घ्या. खुरपं गंजकं किंवा जस्ताच्या मुलाम्याचं नको, लाकडी किंवा प्लास्टिकचं चालेल. खताच्या गोणीत भरलेला नमुना वाया गेला समजा.

चुना टाकला की विष मरतं, हा सल्ला आपल्या पुणे जिल्ह्यात दौंड, शिरूर, इंदापूरकडे उपयोगाचा नाही. तिथली काळी रानं आधीच चुनखडीची, सामू आठच्या आसपास. अशा मातीत शिसं आणि कॅडमियम बरंचसं अडकून राहतं, पण विषारी रूपातलं क्रोमियम पाण्याबरोबर मोकळं फिरतं आणि विहीर गाठतं. त्यावर भरपूर कुजलेलं शेणखत चांगलं. सेंद्रिय कर्बामुळे क्रोमियम कमी घातक रूपात जातं. शहरातलं कचऱ्याचं कंपोस्ट मात्र तपासल्याशिवाय आणू नका.

अहवाल येईपर्यंत त्या पट्ट्यात पालक, मेथी, चुका, मुळा, गाजर नको. पाल्यात कॅडमियम सगळ्यात लवकर चढतं, आणि कंदाला मातीच चिकटून येते. मक्याचा किंवा घासाचा चाराही नको. मी तिथं दसऱ्याचा झेंडू लावीन. पैसा होतो आणि तो पोटात जात नाही. फुलं तोडून झाली की झाडं रानात गाडू नका, जनावरांना टाकू नका. सूर्यफूल, मोहरी लावून जमीन साफ होते असं ऐकलं असेल. होते, पण त्याला पिढी जाते.

मूळ जागेची सफाई शेतकऱ्यानं फावडं घेऊन करायची नाही. उकरलेली माती रांजणगावच्या घातक कचरा केंद्रासारख्या ठिकाणीच जायला हवी. जुलै २०२५ मध्ये केंद्रानं दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम आणले. खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करायची तरतूद त्यात आहे. म्हणून ग्रामसभेचा ठराव करून जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पुण्यातल्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या. पहिला पाऊस पडेल तेव्हा पाणी आवारातून कुठल्या बाजूनं फुटतं, कुणाच्या गटात शिरतं, याचा मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि गट नंबर लिहून अर्जाला जोडा. उन्हाळ्यात पाहणीला आलेल्या साहेबाला तिथं नुसती कोरडी जमीन दिसते.