इंदूरहून ग्रॅव्हल सायकलवर घाटात उतरताय? या चुका टाळा

पुण्याची मंडळी सकाळी सिंहगड चढतात आणि उतरून घरी येतात. त्यांचे सल्ले वाचून आपण ग्रॅव्हल सायकल (कच्च्या वाटांसाठीची, जाड टायरांची) घेऊन इंदुरातून निघतो आणि फसतो, कारण आपला घाट उलटा आहे. घर साडेपाचशे मीटरवर, माळव्याच्या पठारावर. कड्यापलीकडे निमाड, नर्मदेकाठचं मंडलेश्वर दीडशे मीटरच्या आसपास. पाय ताजे असतात तेव्हा उतार लागतो आणि डोक्यावर ऊन, बाटल्या रिकाम्या अशा वेळी चढ समोर येतो. इंदूरच्या नळांना येणारं नर्मदेचं पाणी १९७८ पासून मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पंपांनी हाच चढ चढतंय. आपल्याला पंप नाही.

परतीचा घाट हिशेबात न धरणं

ही सगळ्यात महागडी चूक. महूवरून जाम दरवाजाकडे जाताना रस्ता आधी वर नेतो. दरवाजा अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधला, त्याच्या कमानीतून खाली निमाड पसरलेला दिसतो आणि वाटतं, अजून थोडं खाली जाऊ. तिथेच घड्याळ पाहा. परतीला किमान दुप्पट वेळ धरा. खाली माळव्यापेक्षा उकाडा जास्त असतो, तेव्हा मार्चनंतर दहाच्या आत चढाला लागलेलं बरं.

‘मालव माटी गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर’ ही म्हण पठारापुरती खरी. घाटात पग पग नीर नाही. दोन बाटल्या भरून निघा आणि शेवटच्या गावात हातपंपावर पुन्हा भरा, अर्धी उरली असली तरी.

गिअरचंही तसंच. पुढे पेडलपाशी ४० दात्यांची चेनरिंग (चेनची चकती) असेल तर मागची सर्वांत मोठी चकती ४२ दात्यांची तरी हवी. सुट्या मुरुमावर उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागीच फिरतं, म्हणून बसूनच चढावं लागतं आणि बसून चढायला हलका गिअर लागतो. याच घाटातली पाताळपाणी ते कालाकुंड रेल्वे बांधणाऱ्यांनी चढ चाळीसाला एक ठेवला, म्हणजे अडीच टक्के. बैलगाडीच्या वाटेने असा कुठलाच हिशेब ठेवलेला नाही. (आणि रुळांच्या कडेने सायकल नेण्याचा मोह आवरा. व्हिडिओत छान दिसतं, बोगद्यात नाही.)

टायरमध्ये दगडासारखी हवा

काटा टोचू नये म्हणून ठासून हवा भरणारे अजूनही भेटतात. बाभळीच्या काट्याला पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कळत नाही. उलट टणक टायर खडीवर उडतो आणि वळणावर सरकतो. सत्तर किलोच्या माणसाला ४० मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये ३२ ते ३५ पुरे. ट्यूब असेल तर चाळिसाच्या आसपास, नाहीतर धारदार दगडावर आदळून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. तशी जोडीची भोकं दिसली तर हवा कमी होती. एकच बारीक भोक असेल तर काटा. काटा असेल तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हळूच बोट फिरवा. गोखरूचं टोक आत राहिलं तर शंभर मीटरवर पुन्हा फुस्स. ट्यूबलेसवाल्यांनो, आपल्याकडच्या उन्हाळ्यात सीलंट (टायरमधलं, भोक बुजवणारं द्रव) दोन-तीन महिन्यांत वाळतं. चाक कानाशी धरून हलवा. आत काही डचमळत नसेल तर नवं ओता.

काळी माती आणि जोर

इथे जरा थांबते, कारण हा धडा मी पैसे मोजून शिकलेय. ऑक्टोबर होता, रात्री अवेळी सर येऊन गेली होती. चोरलच्या बाजूला सोयाबीनच्या शेतांमधली वाट वरून सुकलेली दिसत होती. पन्नास मीटरवर मागचं चाक जड झालं. मी जोर लावला. आणखी दहा मीटर, आणखी जोर, मग ‘कट्’. डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) चाकात, त्याला फ्रेमशी जोडणाऱ्या हँगरचे दोन तुकडे. खाली पाहिलं तर फ्रेम आणि टायरमधली फट घट्ट मळलेल्या कणकेसारख्या मातीने बुजली होती, त्यात सोयाबीनचा भुसा, काड्या. अस्सल शेणामातीची भिंत.

बेसॉल्टची झीज होऊन बनलेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. पाणी प्यायलं की ते फुगतं आणि सुकलं की आकसतं, म्हणूनच उन्हाळ्यात त्याच शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही माती साध्या चिखलासारखी उडून जात नाही, थरावर थर चढवते. म्हणून चाक जड झालं की पेडल ताबडतोब थांबवा. सायकल ढकलूही नका, ढकलतानाही माती गोळा होतेच. खांद्यावर घ्या, कडेच्या गवतावर या, काडीने फट मोकळी करा. मी नखांनी खरवडत बसले होते तेव्हा बांधावरून एक आजी म्हणाल्या, “बेटी, सूखने दे.” खरंच, तासाभराने ढेपा आपोआप सुटायला लागल्या. हँगर मात्र सुकून जोडला जात नाही. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, जादा एक सीटखालच्या पिशवीत ठेवा. उजव्या बाजूवर पडलात आणि सर्वांत हलक्या गिअरवर स्पोकपाशी टिकटिक ऐकू आली तर हँगर वाकलाय. तो गिअर अजिबात टाकू नका, चढावर पायी चाला.

पाऊस पडून गेल्यावर किमान दोन दिवस शेतवाटा सोडा, मुरूम आणि खडी धरा.

उतारावर ब्रेक धरून ठेवणं

सतत हलका ब्रेक दाबून उतरलं की पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत होतात. मग किंचाळतात आणि धरत नाहीत. वळणाआधी ठाम दाबा, मग पूर्ण सोडा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, वाकडी होते. चेनवर स्प्रे मारताना डिस्कवर उडालेला तेलाचा थेंबही ब्रेक बिघडवायला पुरतो.

गावातून जाताना

सप्टेंबर-ऑक्टोबरात रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं. शेंगांवरून टायर गोट्यांवर ठेवल्यासारखा सरकतो आणि पीकही तुडवलं जातं. उतरून कडेने न्या, ‘राम राम’ म्हणा. कुत्रा मागे लागला तर पळू नका. थांबून सायकल मध्ये धरली की बहुतेकदा तो कंटाळतो. फोनच्या नकाशातली पांढरी रेघ पुष्कळदा एखाद्याच्या बांधावर संपते, तेव्हा विचारा. मात्र ‘किती लांब’ असं नको, ‘पुढे नाल्यात पाणी आहे का’ असं विचारा. अंतराच्या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर मिळतं: बस, आलंच.

घरी आल्यावर

गाड्या धुण्याच्या दुकानातलं जोराचं पाणी बेअरिंगमध्ये माती आणि पाणी दोन्ही घुसवतं. बादली, जुना टूथब्रश आणि फडकं पुरे. चेन कोरडी करून मगच तेल. आणि हे सगळं गच्चीवर करा. बाथरूममध्ये केलंत तर जाळी काळ्या मातीने तुंबते, आणि ती माती सुकायची वाट पाहायला घरातलं कुणी तयार नसतं.