फॉर्म्युला वनच्या दारात उभ्या इंजिनिअरांसाठी

पुणे, नाशिक, संभाजीनगरहून मेकॅनिकलच्या मुलामुलींचे मेसेज मला वर्षभर येत असतात. प्रश्न बहुतेक एकच असतो : 'ताई, सीएफडी येतं, सॉलिडवर्क्स येतं, फॉर्म्युला वनमध्ये एअरोला घेतील का?' (सीएफडी म्हणजे गाडीभोवतीच्या हवेचं संगणकावरचं गणित, सॉलिडवर्क्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर, एअरो म्हणजे हवेच्या प्रवाहावर काम करणारा विभाग.) घेतीलही. पण मी त्यांना उलट विचारते, की संघांना वर्षाला किती खर्च करायची मुभा आहे आणि त्यात तुमचा पगार कुठे बसतो? हे फारसं कुणी वाचलेलं नसतं, आणि नोकऱ्या मात्र तिथेच ठरतात. मी इंग्लंडमध्ये एका संघात कॉस्ट इंजिनिअर आहे. गाडी किती वेगाने जाईल हे जसं विंड टनेलमध्ये, म्हणजे मॉडेलवर वारा सोडून चाचणी करायच्या बोगद्यात ठरतं, तसंच ते हिशेबाच्या टेबलावर आणि वकिलांच्या बैठकीतही ठरतं. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याने तिन्ही गोष्टींचा अभ्यास एकदम सुरू करावा, असं माझं ठाम मत आहे.

आधी हिशेबाबद्दल सांगते, कारण माझा दिवस त्यातच जातो. 2021 पासून फॉर्म्युला वनमध्ये खर्चाला मर्यादा आली. पहिल्या वर्षी 14.5 कोटी डॉलर, मग 14 कोटी, मग 13.5 कोटी, महागाई आणि शर्यतींची संख्या धरून त्यात थोडी वाढ मिळते. 2026 च्या नव्या नियमांत हा आकडा 21.5 कोटी झाला, पण आधी वगळलेले बरेच खर्च आता आत आले आहेत, त्यामुळे नुसता आकडा पाहून हुरळून जाऊ नका. ड्रायव्हरचा पगार या मर्यादेबाहेर आहे. सर्वाधिक पगाराच्या तिघांचा पगारही बाहेर. तुमचा आत.

म्हणजे नवीन इंजिनिअर घ्यायचा की नवीन फ्रंट विंग करायची, हा आता खरोखरचा प्रश्न आहे. पूर्वी मोठे संघ दोन्ही करायचे.

प्रत्यक्षात हे कसं चालतं ते एका उदाहरणाने सांगते. फ्लोअरच्या कडेला हातभर लांबीचा कार्बनचा एक तुकडा बदलायचाय. एअरोवाल्यांचे आकडे चांगले आले आहेत, लॅपमागे काही शतांश सेकंद मिळतील. कागद माझ्याकडे येतो. नवा मोल्ड लागणार की जुन्यालाच थोडं मशीनिंग करून भागेल? प्रीप्रेगचे (रेझिन भरलेल्या कार्बन कापडाचे) थर किती, लेअपला (ते थर हाताने रचायला) माणसाचे तास किती, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या भट्टीत) दुसऱ्या पार्टसोबत घालता येईल का? मग ट्रिमिंग, तपासणी, इन्सर्ट बसवणं. शर्यत ऑस्ट्रेलियात असेल तर विमानाचं भाडं. किती नग करायचे? दोन गाड्यांना दोन आणि एखादा जादा, कारण शुक्रवारी कुणीतरी कर्बवर गाडी घालणारच. अपघाताला या नियमात वेगळी सूट नाही. ड्रायव्हरने भिंतीला गाडी लावली की तो खर्च पुढच्या अपग्रेडच्या पैशांतून जातो. आणि सगळ्यात चिवट प्रश्न : आधीच्या आवृत्तीचे जे नग कपाटात न वापरता पडून आहेत, ते कोणत्या वर्षाच्या खात्यात धरायचे?

हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटत असेल तर रेड बुल संघाचं 2021 चं प्रकरण वाचा. ऑक्टोबर 2022 मध्ये एफआयएने, म्हणजे नियम करणाऱ्या संस्थेने जाहीर केलं की रेड बुलने मर्यादा 18.64 लाख पौंडांनी ओलांडली. करसवलत नीट दाखवली असती तर तीच रक्कम 4.32 लाख पौंडांवर आली असती. ज्या 13 नोंदी चुकीच्या ठरल्या त्यांत केटरिंग होतं, नोकरदारांसाठी भरायचा सामाजिक सुरक्षेचा पैसा होता आणि न वापरलेले सुटे भागही होते. शिक्षा झाली 70 लाख डॉलर दंड आणि विंड टनेलच्या वेळेत 10 टक्के कपात. त्याच वर्षीची कागदपत्रं मुदतीत दिली नाहीत म्हणून विल्यम्सलाही 25,000 डॉलर दंड झाला होता. जेवणाची बिलं कोणत्या खात्यात टाकली यावरून विंड टनेलचे तास जाऊ शकतात, हे एकदा डोक्यात बसलं की या खेळाकडे बघण्याची नजरच बदलते.

विंड टनेलचे तासही मोजूनमापून मिळतात. 2025 पर्यंतच्या नियमांत अजिंक्य संघाला ठरलेल्या वेळेच्या 70 टक्के आणि दहाव्या संघाला 115 टक्के, मधल्यांना पाच-पाच टक्क्यांनी वाढत. मॉडेल खऱ्या गाडीच्या 60 टक्क्यांपेक्षा मोठं चालत नाही, वारा सेकंदाला 50 मीटरच्या वर नेता येत नाही. सीएफडीलाही असंच बंधन आहे. म्हणून मुलाखतीत 'मी हजार केसेस रन केल्या' हे ऐकून कुणी भारावत नाही. 'मोजक्याच रन मिळाल्या असत्या तर कोणत्या निवडल्या असत्या आणि का', हे सांगणारा उमेदवार लक्षात राहतो.

कॉलेजात याची तयारी कशी करायची? फॉर्म्युला स्टुडंटच्या, म्हणजे विद्यार्थी स्वतः रेसिंगची गाडी बांधून उतरतात त्या स्पर्धेच्या टीममध्ये जा. शक्य असेल तर पहिल्याच वर्षी. आमच्या वेळी कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत व्हायची, ग्रेटर नोएडाला सुप्रा व्हायची. एकूण 1000 गुण. त्यातले डिझाइनला 150, कॉस्टला 100, बिझनेस प्लॅनला 75. जवळजवळ प्रत्येक टीममध्ये डिझाइनसाठी भांडणं होतात आणि कॉस्ट रिपोर्ट ज्युनिअरच्या गळ्यात पडतो. तुम्ही तो आपणहून मागून घ्या. त्यात प्रत्येक नट-बोल्टची नोंद लागते, प्रत्येक वेल्डची लांबी लागते. त्या निमित्ताने भोसरीत, चाकणला चकरा माराव्या लागतात. लेथवर वर्षानुवर्षं काम केलेले काका तुमचं ड्रॉइंग हातात घेऊन टॉलरन्सवर, म्हणजे मापात किती फरक चालेल त्या आकड्यावर बोट ठेवून विचारतात, 'हा टॉलरन्स खरंच पाहिजे का? पाहिजे तर ग्राइंडिंगला पाठवावं लागेल, दुप्पट पैसे लागतील.' हब आणि अपराइटचं (चाक धरून ठेवणाऱ्या भागांचं) सगळं शिक्षण मला त्या वाक्यात मिळालं. आजही डिझायनरांना मी हाच प्रश्न विचारते, फक्त इंग्रजीत.

स्पॉन्सरशिपही याच काळात शिकून घ्या. एमआयडीसीतल्या कारखानदाराला गाडीवर स्टिकर नको असतो. त्याला मुलं नोकरीला हवी असतात, किंवा आपल्या मशीनवर केलेला पार्ट कुठेतरी दिसायला हवा असतो. पैसे मागण्यापेक्षा जॉब वर्क मागा, लेसर कटिंग मागा, मटेरियल मागा. वरच्या पातळीवरचे करारही पुष्कळदा अशा सेवांच्या आणि मालाच्याच देवाणघेवाणीवर उभे असतात.

आता राजकारण. हा भाग मुलं टाळतात. हे माणसामाणसांमधलं गॉसिप आहे असं त्यांना वाटतं, पण प्रश्न रचनेचा आहे. नियम करणारी संस्था एफआयए. व्यापारी हक्क फॉर्म्युला वन मॅनेजमेंटकडे, म्हणजे 2017 पासून लिबर्टी मीडिया या अमेरिकन कंपनीकडे. तिसरी बाजू संघांची. या तिघांना बांधणारा करार म्हणजे कॉन्कॉर्ड. बर्नी एक्लस्टन यांच्यामागचे संघ आणि जाँ-मारी बालेस्त्र यांची संघटना यांच्यातलं भांडण मिटवायला तो 1981 मध्ये पहिल्यांदा झाला. नाव पॅरिसच्या प्लास द ला कॉन्कॉर्ड या चौकावरून पडलं, कारण एफआयएचं ऑफिस तिथे. करार दर काही वर्षांनी नव्याने होतो. त्यातला बराच भाग गुप्त असतो, पण पैशाचा ओघ कंपनीच्या अहवालांतून दिसतो : 2023 मध्ये सुमारे 3.2 अब्ज डॉलर उत्पन्न, त्यातले सुमारे 1.2 अब्ज संघांना.

वाटेकरी वाढला की प्रत्येकाचा वाटा घटतो. नवा संघ आणू पाहणाऱ्या अमेरिकन अँड्रेटीचं प्रकरण याच गणितावर उभं आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये एफआयएने त्यांच्या संघाला हिरवा कंदील दाखवला. जानेवारी 2024 मध्ये व्यापारी हक्कवाल्यांनी तोच अर्ज फेटाळला. तरीही अँड्रेटीने सिल्व्हरस्टोनला जागा उघडली, भरती चालू ठेवली. अमेरिकेच्या काँग्रेसमधल्या सदस्यांनी पत्रं लिहिली, न्याय खात्याची चौकशी लागली, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये जनरल मोटर्सला पुढे करून कॅडिलॅक या नावाने अकराव्या संघाला तत्त्वतः होकार मिळाला. तो सगळा काळ शर्यतीची हमी नसताना तिथे इंजिनिअर गाडी डिझाइन करत होते. अशी नोकरी समोर आली तर घ्यायची का? वय कमी असेल, घरचं कर्ज डोक्यावर नसेल, तर मी घ्यायला सांगेन. पण प्रवेश कुणी मंजूर केलाय आणि कुणी नाही, हे सही करण्याआधी माहीत हवं.

उलट बाजूही पाहा. सप्टेंबर 2024 मध्ये रेनोने जाहीर केलं की फ्रान्समधल्या व्हिरी-शातियाँच्या कारखान्यात 2026 साठीचं फॉर्म्युला वन इंजिन होणार नाही. रेनोचाच संघ अल्पीन मर्सिडीजचं इंजिन घेणार. त्याआधी तिथले कर्मचारी निषेध नोंदवायला इटलीतल्या मोंझा ट्रॅकच्या स्टँडमध्ये जाऊन उभे राहिले होते. त्यांच्या इंजिनाचं काम बरंच पुढे गेलं होतं. निर्णय संचालक मंडळाचा होता आणि डायनोवरचे (इंजिनाच्या चाचणी-यंत्रावरचे) आकडे काहीही असते तरी तो तिथेच झाला असता. कंपनीचे तिमाही निकाल वाचायची सवय मला अशा बातम्यांनी लावली. कारखान्यात तुम्ही कितीही मन लावून काम करत असा, वर गाडीच्या धंद्याला मंदी आली की पहिली कात्री रेसिंगवर चालते. होंडाने डिसेंबर 2008 मध्ये हेच केलं, आणि तोच संघ ब्रॉन म्हणून 2009 ची ड्रायव्हरचं आणि संघाचं अशी दोन्ही अजिंक्यपदं घेऊन गेला. अर्थात त्याआधी आणि त्या काळातच तिथल्या शेकडो लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. आठवण मात्र विजयाचीच राहते.

भारताची गोष्ट याहून वेगळी नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 अशा तीन शर्यती झाल्या, तिन्ही व्हेटेलने जिंकल्या. ट्रॅक उत्तम होता, आजही आहे. घोडं अडलं करावर. उत्तर प्रदेश सरकारने शर्यतीला खेळ न मानता करमणूक मानलं आणि करमणूक कर लावला. पुढे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतीच्या कंपनीचं भारतात स्थायी आस्थापन होतं असा निकाल दिला, म्हणजे इथल्या उत्पन्नावर इथे कर. हैदराबादला फेब्रुवारी 2023 मध्ये फॉर्म्युला ई (विजेवरच्या गाड्यांची शर्यत) झाली, तिथे सरकार बदललं आणि 2024 ची शर्यत रद्द. विजय मल्ल्यांचा फोर्स इंडिया हा फॉर्म्युला वन संघ 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रशासकांकडे गेला, तेव्हा कर्ज दिलेल्या भारतीय बँकांची संमती वेळेत न आल्याने कंपनी होती तशी विकता आली नाही. खरेदीदारांनी मालमत्ता घेतली, प्रवेश नवा धरला गेला आणि आधी कमावलेले 59 गुण पुसले गेले. मुंबई-दिल्लीतल्या कर्जाच्या फायलींनी सिल्व्हरस्टोनच्या मेकॅनिकांचे गुण नेले. चारशेहून अधिक नोकऱ्या मात्र वाचल्या. तोच संघ आज ॲस्टन मार्टिन आहे.

इंग्लंडला शिकायला यायचं तर क्रॅनफील्ड आणि ऑक्सफर्ड ब्रुक्स ही दोन नावं बहुतेकांना माहीत असतात. अभ्यासक्रम चांगले आहेत, पण पदवीमागून नोकरी आपोआप येत नाही आणि तेवढ्या भरवशावर घरावर कर्ज काढू नये. व्हिसाचं गणित आधी मांडा. कुशल कामगार व्हिसासाठी लागणारा किमान पगार एप्रिल 2024 मध्ये 26,200 वरून 38,700 पौंडांवर गेला आणि जुलै 2025 मध्ये 41,700 वर. नव्याने पदवी घेतलेल्यांना कमी मर्यादा लागू होते, तरी सुरुवातीचे बरेच पगार त्या रेषेच्या आसपासच घुटमळतात. शिक्षणानंतर मिळणारा दोन वर्षांचा व्हिसाही 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षाचाच मिळणार आहे. म्हणून कोर्सच्या पहिल्या महिन्यापासून अर्ज सुरू करा.

आणि फक्त दहा-अकरा संघांच्या दारात उभं राहू नका. ऑक्सफर्ड ते नॉर्थम्प्टन या पट्ट्यात मोल्ड करणारे, गिअर करणारे, सेन्सर करणारे, वायरिंग लूम बांधणारे शेकडो छोटे कारखाने आहेत. मी अशाच एका कंपोझिटच्या कारखान्यात सुरुवात केली. तिथे मला पहिलं वर्ष कराराविना ताटकळत ठेवलं होतं, तो त्रास अजून आठवतो. पण चार संघांचे पार्ट एकाच छपराखाली बघायला मिळाले, ते संघात बसून कधी मिळालं नसतं. बॅनबरीला महिंद्राचा फॉर्म्युला ई संघ आहे, पहिल्या मोसमापासून शर्यतीत असलेला. मुंबईचा जेहान दारूवाला त्यांच्याकडे राखीव ड्रायव्हर होता.

एक गोष्ट नोकरी बदलताना कळते, ती आधीच सांगून ठेवते. एका संघातून दुसऱ्यात जाताना कित्येक महिने घरी बसवतात, पगार चालू असतो पण काम करायचं नाही. करारात ही मुदत किती आहे ते बघा. व्हिसावर असाल तर त्या काळात तुमची स्थिती काय राहते, हे वकिलाला विचारूनच सही करा.

इंजिनिअर नसलेल्यांसाठीही इथे जागा वाढते आहे. खर्चमर्यादा आल्यापासून संघांना सीए हवेत, कस्टम्सचे जाणकार हवेत, करार वाचणारे वकील हवेत. पुण्या-मुंबईत सीए करणाऱ्या कुणालाही मी सांगेन, की आर्थिक नियमावली एफआयएच्या साइटवर फुकट आहे. वगळलेल्या खर्चांची यादी काढा आणि प्रत्येक नोंद का वगळली असेल ते स्वतःच्या शब्दांत लिहा. इंजिनिअरांनी शर्यतीच्या शनिवार-रविवारी स्टीवर्ड्सचे (शर्यतीच्या पंचांचे) निर्णय वाचावेत. तेही तिथेच, प्रत्येकी पान-दोन पानांचे : कोणता नियम, कोणता पुरावा, कुणाचं म्हणणं ऐकलं, दंड किती. मुलाखतीला येताना असा एखादा निर्णय पाठ करून नका येऊ. तो तुम्हाला का पटला नाही, एवढं सांगता आलं तर टेबलापलीकडचा माणूस खुर्ची पुढे ओढतो.