घरच्या घरी बोसौ

बोसौ म्हणजे मीठ, भात आणि पंगी घालून आंबवलेला मासा. तो करायचा तर आधी पंगी हवी. मासा, मीठ, भात कुठेही मिळतं, पंगी नाही. हे एका झाडाचं बी, किसून वाळवलेलं. इथे मलेशियातल्या साबा राज्यात मी ती पेनाम्पांगच्या डोंगोंगोन तामूतून, म्हणजे आठवडी बाजारातून आणते. मासा नासू नये म्हणून ती घालतात आणि तिचा कडवट-खमंग वासही बोसौला लागतो. पण ताज्या बियांमध्ये सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. तेव्हा ताजं बी घरी आणून किसण्याच्या फंदात पडू नका. ओळखीच्या बाईकडून तयार, कडकडीत वाळलेला कीसच घ्या.

मासा गोड्या पाण्यातला घ्या. मी तिलापिया घेते. खवले, आतडी, कल्ले काढाच, पण पोटाच्या आतला काळा पापुद्राही खरवडून टाका, त्याला उग्र वास असतो. दोन बोटं रुंदीचे तुकडे करा. काटे राहू देत, आंबताना बारीक काटे मऊ पडतात. मग चाळणीत निथळून कापडाने टिपून घ्या.

1 किलो साफ केलेल्या माशाला मी 100 ग्रॅम मीठ, मोठ्या दोन वाट्या भात आणि चार-पाच चमचे पंगी घेते. मीठ वजनकाट्यावर मोजून घ्या. शेजारची कादाझान (इथल्या मूळच्या समाजातली) आजी मुठीने टाकते. तिच्या मुठीत आयुष्यभराचा हिशेब आहे, आपल्या नाही.

भात मऊ शिजवलेला आणि पूर्ण गार हवा. कोमट भात घातला की नको ते जंतू वाढतात. भात इथे चवीपुरता नाही. त्यातल्या पिठूळपणावर आंबवणारे जंतू पोसतात आणि त्यांच्या आंबटपणामुळेही मासा टिकतो. म्हणून भातात काटकसर नको.

तुकड्यांना आधी मीठ चोळा, मग पंगी, मग भात. उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या काचेच्या बरणीत दाबून दाबून भरा, मध्ये हवा राहता कामा नये. वर तीन बोटं जागा सोडा. पूर्वी हे ताजाउमध्ये, म्हणजे मोठ्या मातीच्या रांजणात मुरायचं. बरणी सावलीत ठेवा आणि दर दोन दिवसांनी झाकण किंचित सैल करून गॅस जाऊ द्या. ढवळू नका.

साधारण दोन आठवड्यांत भात विरघळून दाट लगदा होतो, मासा घट्ट पडतो आणि नाकाला झोंबणारा आंबट वास येतो. पीएच पट्टी (आंबटपणा मोजणारी कागदी पट्टी) असेल तर आकडा 4.6 च्या खाली यायलाच हवा. हिरवी-काळी बुरशी, तार सुटणं किंवा सडका वास असं काही दिसलं तर चाखूनही पाहू नका, बरणी रिकामी करा. असला मासा परतून सुधारत नाही.

काही जण बोसौ तसाच खातात. मी नाही. गोड्या पाण्यातल्या माशात कृमी असू शकतात आणि आंबवल्याने ते मरतातच असं नाही. तेलात लसूण, कांदा, भरपूर मिरच्या परतून त्यात बोसौ घाला आणि मंद आचेवर दहा मिनिटं चांगला शिजू द्या. वरून मीठ अजिबात नको. गरम भाताबरोबर दोन-तीन तुकडे पुरतात, बाकीची बरणी फ्रीजमध्ये ठेवा. आणि परतताना खिडक्या उघडायला विसरू नका.